घरातला रेडॉन आणि खाणीतला हिशेब

तर मंडळी, १९८४चा डिसेंबर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रस नावाचे अभियंते किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्रापुढे आले, की भोंगा वाजायचा. गंमत म्हणजे तिथे वीजनिर्मिती अजून सुरूच झाली नव्हती! किरणोत्सारी कण कपड्यांवर येत होते ते घरातून. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा रेडॉन त्यांच्या घरात साचला होता, लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी. पुढे तिथल्या सरकारने उपाय करण्यासाठी मर्यादा ठरवली, ती ४ची.

पण धोका मोजायचा कसा? हाताशी आकडे होते ते मुख्यतः खाणकामगारांचे. जर्मनीतल्या श्नेबेर्गच्या खाणकामगारांचा फुप्फुसाचा आजार म्हणजे कर्करोग, हे १८७९मध्येच पुढे आलं होतं. मात्र खाणीतली धूळ, तिथला प्रचंड रेडॉन, आणि तेच गणित आपल्या बैठकीच्या खोलीला लावायचं? शंका घेणारे काही मूर्ख नव्हते.

उत्तर यायला २००५ उजाडलं. युरोपातल्या घरांच्या १३ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला: घनमीटरमागे १०० बेकेरेल रेडॉन वाढला, की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. सिगारेट ओढणाऱ्याचा मूळ धोकाच सुमारे पंचवीसपट. त्याचे १६ टक्के किती होतात, तुम्हीच बघा.