वेळ, जागा, सोबती : दूर राहून एकत्र ऐकण्याचा इतिहास

बाप कुवेतला, मुलगा पुण्यात, आई रत्नागिरीकडच्या गावी. तिघांना एकाच वेळी एकच कव्वाली ऐकायची आहे. त्यासाठी कुठलं अ‍ॅप घ्यावं? हा प्रश्न हल्ली आपल्याकडच्या अनेक घरांत विचारला जातो, कारण घरं विखुरली आहेत. उत्तर म्हणून कुणीतरी चार नावं सांगतं. त्यातलं एक उतरवून घेतलं जातं, दोन दिवस वापरलं जातं आणि विसरलं जातं. माझ्या मते घोळ अ‍ॅपच्या नावात नसतो. एकत्र ऐकायचं म्हणजे नेमकं काय हवं आहे, हेच ठरलेलं नसतं. तो विचार मात्र फार जुना आहे, आणि मुसलमानांनी तो हजारएक वर्षांपूर्वी बारकाईने केलेला आहे.

संगीत जायज की नाजायज, हा वाद मी इथे काढत नाही. आपल्या वाचकांत दोन्ही मतांचे लोक आहेत आणि दोघांनाही आपापल्या दलिली पाठ आहेत. पण ज्यांनी समाअ मान्य केला, त्यांनीही तो मोकाट सोडला नव्हता. जुनैद बगदादी यांच्या नावावर एक वचन सांगितलं जातं : समाअला तीन गोष्टी लागतात, जमान, मकान आणि इख्वान. म्हणजे वेळ, जागा आणि सोबती. इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये हे वचन घेऊन त्याचा अर्थ उलगडला आहे. जेवण समोर आलेलं असताना, भांडण चालू असताना किंवा नमाजची वेळ असताना ऐकू नये. रहदारीच्या रस्त्यावर ऐकू नये. ज्याला हे सगळं मुळातच नापसंत आहे किंवा जो केवळ दिखाव्यासाठी डोलतो, असा माणूस मजलिसीत असेल तर ऐकणाऱ्यांचं मन विचलित होतं. गझाली 1111 मध्ये वारले, पण नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाहिलेल्या कुणालाही रहदारीचा रस्ता म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

दिल्लीत निजामुद्दीन औलिया यांनी याला आणखी अटी जोडल्या. गाणारा कोण, ऐकणारा कशासाठी ऐकतो, काय गायलं जातं आणि वाद्य कुठलं, असे चार प्रश्न. तरीही गयासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर त्यांना समाअबद्दल जाब द्यावा लागलाच. त्यांची संभाषणं ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये टिपून ठेवणारे अमीर हसन सिजझी आज कुठे आहेत, तर आपल्या खुलताबादला. त्यांचे मुरीद बुरहानुद्दीन गरीब हेही तिथेच आहेत. ते दख्खनला आले आणि 1337 मध्ये वारले. समाअवरचं त्यांचं प्रेम इतकं प्रसिद्ध होतं की मजलिसीतल्या त्यांच्या हालचालींची पद्धतच पुढे त्यांच्या नावाने ओळखली गेली. औरंगाबादहून वेरूळला जाणाऱ्या गाड्या खुलताबादवरून भराभर पुढे निघून जातात. एकत्र ऐकण्याच्या रीतीची दख्खनमधली एक मोठी शाळा इथे होती, हे फार थोड्यांना माहीत असतं.

या सगळ्यांच्या विचारात एक गोष्ट गृहीत होती : ऐकणारे एका छताखाली बसलेले आहेत. ती अट पहिल्यांदा मोडली 1881 मध्ये, पॅरिसच्या वीज प्रदर्शनात. क्लेमाँ अदेर या अभियंत्याने ऑपेराच्या रंगमंचावर मायक्रोफोन बसवले आणि तारेवरून ते गाणं प्रदर्शनातल्या लोकांच्या कानांपर्यंत नेलं, दोन कानांना दोन रिसिव्हर लावून. पुढे त्याची वर्गणी घेणारी कंपनी निघाली. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त घरबसल्या ऑपेरा ऐकायचा तो याच तारेवर. पण ती श्रीमंतांची चैन होती आणि प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटाच होता. 1932 मध्ये ती बंद पडली, कारण तोवर रेडिओ आला होता.

रेडिओने जागेची अट काढून टाकली, पण वेळेची अट उलट घट्ट केली. याचं सगळ्यात मोठं उदाहरण कैरोचं. उम्म कुलसूम यांची मैफल महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री रेडिओवरून थेट प्रसारित होई. 1937 पासून हा सिलसिला कित्येक दशकं चालला. एकेक गाणं तासभर चाले, कारण समोरचे श्रोते एकच ओळ पुन्हा पुन्हा मागत आणि त्या ती दर वेळी वेगळी गात. कैरोच्या कॉफीखान्यांत जे ऐकू येई, तेच त्याच क्षणी इतर अरब शहरांत ऐकू येई. ध्वनिमुद्रिका विकत घेऊन हे मिळालं नसतं. पुढची ओळ कशी येणार, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसे, आणि सगळे मिळून तिची वाट पाहत.

आपल्याकडे हा मान रेडिओ सिलोनला मिळाला, तोही एका मराठी मंत्र्याच्या कृपेने. डॉ. बाळकृष्ण केसकर 1952 मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताबद्दलची त्यांची कळकळ खरी होती, पण चित्रपटगीतांवर त्यांचा रोष होता. निर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना जवळपास जागाच उरली नाही. कोलंबोत मात्र महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला एक ताकदवान ट्रान्समीटर होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यावरून बिनाका गीतमाला सुरू झाली. आवाज अमीन सयानी यांचा, म्हणजे मुंबईच्याच एका मुसलमान घरातल्या विशीच्या तरुणाचा. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि कोलंबोला जाऊन तिथून परत भारतात ऐकू यायचा. बुधवारी रात्री आठला ज्याच्याकडे सेट असेल, त्याच्या ओट्यावर गल्ली जमायची.

सयानी यांच्या भाषेबद्दल खूप लिहिलं जातं. त्या भाषेची तालीम कुठे झाली, हे मात्र कमी सांगितलं जातं. त्यांच्या आई कुलसूम सयानी प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढत. सोपी हिंदुस्तानी भाषा, छपाई नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. अमीन लहानपणापासून त्या कामात हात लावायचे. कुणालाही परकं वाटणार नाही अशी बोली त्या घरात मुद्दाम घडवली जात होती. तीच पुढे लाखो लोकांना एका वेळी ‘बहनों और भाइयों’ म्हणू शकली. फाळणीला तेव्हा अवघी पाच वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या हाकेचं वजन कळतं. अखेर 1957 मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. गावोगावचे श्रोते फर्माइशी पाठवू लागले आणि आपलं नाव शेजाऱ्याच्या नावाबरोबर ऐकण्यासाठी कान लावून बसू लागले.

पुणे केंद्राने 1956 मध्ये मराठी मुलखातल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं बसवली होती. आधी ऐकायचं, मग त्यावर बोलायचं. तिथे संगीत नव्हतं, शेतीच होती, म्हणून इथे एवढाच उल्लेख.

मग आखातातून टू-इन-वन आले. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत कॅसेट प्लेअर ही परदेशी कमाईची पहिली खूण असे. कॅसेटवर लोक कव्वाल्या, नाती आणि वाजही ऐकत, आणि पत्राऐवजी आपला आवाज भरून पाठवत. कॅसेटने वेळेची अटही काढली. वाटेल तेव्हा ऐका, वाटेल तितकं ऐका. मोबाइल आणि इअरफोनने सोबतीही काढले. तिन्ही अटी सुटल्या आणि माणूस एकटा ऐकू लागला.

आजची अ‍ॅपं त्या तीन अटी परत जोडू पाहतात. 2011 मध्ये अमेरिकेत टर्नटेबल एफएम निघालं. आभासी खोलीत पाळीपाळीने गाणी लावायची अशी त्याची कल्पना होती. ती गाजली, पण गाण्यांच्या परवान्यांमुळे काही आठवड्यांतच अमेरिकेबाहेरच्यांना दार बंद झालं. 2013 च्या अखेरीस तर त्या खोल्याच बंद झाल्या. डिस्कॉर्डवर यूट्यूबची गाणी वाजवणारे ग्रूव्ही आणि रिदम हे बॉट 2021 मध्ये गेले, तेही हक्कांच्या कारणानेच. फुकटात सगळ्यांना सगळं ऐकवणारी सोय दिसली की ती किती दिवस टिकेल, हे आधी विचारावं.

टिकलेल्या साधनांचे दोन प्रकार आहेत. एकात गाण्याचा आवाज प्रवासच करत नाही. प्रत्येकाचा फोन आपापलं गाणं वाजवतो आणि गाणं कुठवर आलं, एवढाच निरोप फोनांमध्ये जातो. स्पॉटिफायचं जॅम, अ‍ॅपलचं शेअरप्ले, ब्राउझरमधलं वॉच टुगेदर ही या जातीची. आवाज स्वच्छ येतो, पण प्रत्येकाकडे ती सेवा चालू असावी लागते. जॅममध्ये दूर बसलेल्यांसाठी सगळ्यांचीच वर्गणी लागते, आणि शेअरप्ले म्हणजे बहुतेक अ‍ॅपलवाल्यांचा कारभार. दुसऱ्या प्रकारात झूमसारख्या कॉलवर एकाने वाजवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आईला तिथे फक्त लिंक दाबायची असते. पण ही अ‍ॅपं बोलण्यासाठी बनलेली असतात, त्यामुळे तबला आणि टाळ्या गोंगाट समजून कापल्या जातात. झूममध्ये मूळ आवाज तसाच पाठवण्याची सेटिंग आहे. ती चालू केली की फरक पडतो.

आईकडे साधा अँड्रॉइड असेल, तर माझं मत वॉच टुगेदरसारख्या साधनाला आहे, आणि बोलण्यासाठी बाजूला वेगळा कॉल. मुलगा दुबईत असेल, तर तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, तेव्हा कॉलसाठी तिथे चालणारं अ‍ॅप आधी बघावं लागेल. कुवेतची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, पुण्यातल्या मुलाची रविवारची. म्हणून शनिवारी आपल्याकडे रात्री साडेनऊ, कुवेतला संध्याकाळचे सात. आई तोवर इशा पढून मोकळी झालेली असते. तिकडची इशा मात्र ऋतूप्रमाणे पुढे-मागे होते, त्यामुळे वेळ ठरवताना बापाला विचारून घ्यावं.