एंजिन-शीतन, जुन्या मोटारगाड्यांतील : खानदेश

मोटारगाडीच्या एंजिनात इंधनाच्या ज्वलनाने निर्माण होणारी जादा उष्णता काढून घेऊन त्याचे तापमान ठराविक मर्यादेत राखण्याच्या क्रियेस एंजिन-शीतन म्हणतात. पेट्रोल एंजिनात इंधनातील ऊर्जेपैकी साधारणतः एक-चतुर्थांश भाग उपयुक्त कार्यासाठी मिळतो. सुमारे एक-तृतीयांश भाग शीतक पाण्यावाटे व उरलेल्यापैकी बहुतेक निष्कास वायूंबरोबर बाहेर जातो. शीतन अपुरे पडल्यास वंगणतेल पातळ होते, दट्ट्या सिलिंडरात अडकतो व सिलिंडराचे शीर्ष वाकते.

इतिहास : आरंभीच्या काही मोटारगाड्यांत पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जाई व ते वारंवार भरावे लागे. व्हिल्हेल्म मायबाख यांच्या मधुकोशाकार रेडिएटरामुळे (१९०१ ची मर्सिडीझ गाडी) थोड्या पाण्यात जास्त उष्णता बाहेर टाकता येऊ लागली. फोर्ड कंपनीच्या ‘टी’ नमुन्याच्या बहुतेक गाड्यांत (१९०८–२७) पंप नव्हता. तापलेले हलके पाणी वर चढे व थंड पाणी खाली येई, एवढ्यावरच अभिसरण चाले. पुढे पंप व पट्ट्याने फिरणारा पंखा सार्वत्रिक झाला आणि पाण्याच्या मार्गात थर्मोस्टॅट ही आपोआप उघडझाप करणारी झडप आली. प्रथम तीत बाष्पनशील द्रव भरलेला भाता असे. नंतर मेणाची कुपी प्रचारात आली. मेण वितळताना प्रसरण पावते व झडप उघडते. ती सामान्यतः ७४° ते ८८° से.च्या दरम्यान, नमुन्याप्रमाणे, उघडू लागते.

खानदेशातील परिस्थिती : पूर्वीचा पूर्व खानदेश म्हणजे जळगाव जिल्हा, पश्चिम खानदेशाचे १९९८ पासून धुळे व नंदुरबार असे दोन जिल्हे झाले आहेत. तापीच्या या खोऱ्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४२° ते ४५° से.पर्यंत चढते. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग धुळे येथे मिळतात. लळिंग, बिजासन व चाळीसगावजवळील कन्नड हे घाट येथील वाहतुकीच्या वाटेवर आहेत. घाटात एंजिन खालच्या गिअरमध्ये वेगाने फिरते, गाडी मात्र सावकाश चालते. त्यामुळे समोरून मिळणारा वारा कमी होऊन सर्व भार पंख्यावर पडतो.

या रस्त्यांवर दीर्घकाळ चाललेल्या गाड्यांचे मूळ आराखडे परदेशी होते. अँबॅसडर ही इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डवरून, तर प्रीमियर पद्मिनी ही इटलीतील फियाट ११०० वरून आलेली. रेडिएटरातील पाणी ९०° से. व बाहेरील हवा २०° से. असल्यास दोहोंत ७०° चा फरक असतो. हवा ४५° से. असता तो ४५° च उरतो. म्हणजे तोच रेडिएटर व तोच पंखा सुमारे एक-तृतीयांश कमी उष्णता बाहेर टाकतो. घाटाच्या माथ्यावर बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या, सोबत बाळगलेला पाण्याचा डबा व बाहेर टांगलेली कॅनव्हासची छागल यांचे कारण हेच.

थर्मोस्टॅट काढण्याची प्रथा : उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट निरुपयोगी, असे मानून तो काढून टाकण्याची प्रथा भारतात रूढ झाली. बिघडलेला थर्मोस्टॅट काही वेळा बंद स्थितीतच अडकतो व पाणी उकळते; तो काढताच गाडी चालू लागते. या अनुभवाचा पुढे नियम झाला. तथापि एंजिन तापल्यावर चांगला थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असतो. तो काढल्याने रेडिएटराची क्षमता वाढत नाही. ज्या एंजिनांत तो उपमार्गही बंद करतो, त्यांत तो काढल्यास गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून एंजिनात परततो व शीतन उलट बिघडते. डिसेंबर-जानेवारीत येथील पहाटेचे तापमान १०° से.च्या आसपास उतरते. अशा वेळी थर्मोस्टॅट नसलेले एंजिन बराच काळ थंड राहते. पेट्रोल वंगणात मिसळते, बाष्प साचून गंज चढतो व सिलिंडर लवकर झिजतात. ही झीज एकदम दिसत नसल्याने तिचे कारणही सहसा ओळखले जात नाही.

उपाय : विहिरीच्या कठीण पाण्याने रेडिएटराच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो, म्हणून शुद्ध पाणी व गंजरोधक शीतक वापरणे, नळ्या साफ करणे, पंख्याचा पट्टा ताणलेला व दाबझाकण निर्दोष ठेवणे हे प्राथमिक उपाय होत. पाण्यावरील दाब वाढविल्यास त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. त्यामुळे तापलेल्या एंजिनाचे झाकण लगेच उघडणे धोक्याचे असते. थर्मोस्टॅटची परीक्षा तो पाण्यात तापमापकासह तापवून करता येते. सदोष असल्यास तो काढून न टाकता बदलणे योग्य.

पट्ट्यावरील पंखा एंजिनाच्या गतीशी बांधलेला असल्याने गाडी उभी असताना, म्हणजे गरज असते तेव्हाच, मंद फिरतो. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये पाण्याच्या तापमानानुसार चालू-बंद होणारा विजेचा पंखा होता. असा पंखा जुन्या गाडीस बसविता येतो. मात्र डायनॅमो मंद गतीत पुरेशी वीज देत नाही, म्हणून बहुधा त्याऐवजी आल्टरनेटर बसवावा लागतो. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. उरलेल्या जुन्या गाड्यांचे आयुष्य पुष्कळ अंशी या लहानशा झडपेकडे व पंख्याकडे दिलेल्या लक्षावर अवलंबून आहे.