जालन्याचा प्रवासी आणि मुंबईची उंच आगगाडी

जालन्याहून मुंबई पाहावयास निघालेल्या मनुष्यास पूर्वीं मनमाडास गाडी बदलावी लागे. निजामाच्या राज्यांतून येणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे मीटरभर रुंदीच्या रुळांवरून धांवे; मनमाडास जी. आय. पी.चे रुंद रूळ लागत, आणि वळकट्या, ट्रंका व मुलेंबाळें घेऊन फलाट ओलांडावा लागे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आमचेही रूळ रुंद झाले. ३० डिसेंबर २०२३ रोजीं वंदे भारत गाडी जालन्याहून मुंबईस जाऊं लागली. २०२५ सालीं ती नांदेडपर्यंत वाढविण्यांत आली. असो. बोरीबंदरावर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, उतरलेला आमचा गांवकरी राणीची बाग पाहतो, चौपाटी पाहतो आणि परत फिरतो. त्याच स्टेशनाच्या पश्चिमेकडील पहिल्या दोन फलाटांवरून सुटणारी हार्बरची गाडी मात्र त्यास कोणी दाखवीत नाहीं.

हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी हीच. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनीं ती बोरीबंदराहून कुर्ल्याकडे सोडली. कुर्ल्याकडून निघालेला हार्बरचा फांटा १९१० सालीं रे रोडपर्यंत येऊन थांबला होता. पुढें डोंगरी व मशीद बंदराची दाट वस्ती, आणि १८५३ पासूनचा मुख्य लोहमार्ग आडवा. नवे रूळ यावयाचे पूर्वेच्या गोद्यांकडून आणि पोंचावयाचे स्थानकाच्या पश्चिम बाजूस! तेव्हां ते खांबांवर उचलून जुन्या मार्गाच्या डोक्यावरून नेण्यांत आले. म्हणूनच सँडहर्स्ट रोड हें स्टेशन दुमजली आहे; खालीं मुख्य मार्ग, वर हार्बर. न्यूयॉर्कच्या उंच गाड्या आरंभीं वाफेच्या असल्यानें खालच्या रस्त्यांवर धूर व निखारे टाकीत. मुंबईची गाडी जन्मतःच विजेची, त्यामुळें तिच्याखालच्या वस्तीचा तेवढा त्रास टळला. लिव्हरपूल येथेंही १८९३ सालीं गोद्यांच्या कांठानें विजेची उंच रेल्वे झाली होती. ती १९५६ सालीं बंद पडली. मुंबईची अद्याप धांवते.

मशीद स्टेशन सोडलें कीं गाडी चढूं लागते, आणि खिडकीशीं दुसऱ्या मजल्यांचे सज्जे येतात. येथें प्रवाशानें थोडा इतिहास आठवावा. १८९६ सालीं मुंबईंतील प्लेग प्रथम ओळखला गेला तो जवळच्याच मांडवी भागांत, डॉ. अकाशियो व्हिएगस यांनीं तो ओळखला. लॉर्ड सँडहर्स्ट त्या वेळीं गव्हर्नर होते. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि कोंदट वस्तींत समुद्राचा वारा शिरावा म्हणून चौपाटीकडून पूर्वेकडे रुंद रस्ता काढण्यांत आला. त्यास सँडहर्स्ट यांचें नांव मिळालें. पुढें त्याचें सरदार वल्लभभाई पटेल रोड झालें, परंतु जुनें नांव स्टेशनास चिकटून राहिलें. वाऱ्यासाठीं घरें पाडलीं, त्या घरांतील माणसें कोठें गेलीं हा प्रश्न रस्त्याच्या नांवांत उमटत नाहीं. ती वस्ती दिसते ती याच गाडींतून.

आणि येथेंच आम्हांस संकोच वाटतो. जालन्याच्या जुन्या वाड्यांत गच्चीवर चढणाऱ्यानें आधीं खांकरावें, अशी आमच्या घरीं शिस्त होती. शेजारच्या अंगणांत बायामाणसें असत. या गाडींतून आम्हीं न खांकरतां किती स्वयंपाकघरांत पाहिलें! वाळत घातलेलीं लुगडीं, भिंतीकडे तोंड करून अभ्यास करणारा मुलगा, भांडीं विसळणारी म्हातारी. तिनें मान वर केली नाहीं. रोज किती गाड्या जातात, तिनें कितींकडे पाहावें?

२०१४ सालीं मुंबईस आणखी दोन उंच मार्ग मिळाले. २ फेब्रुवारीस वडाळा–चेंबूर मोनोरेल सुरू झाली. तिची सेवा सप्टेंबर २०२५ मध्यें थांबविण्यांत आली. ८ जूनला वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरांची, बारा स्टेशनांची मेट्रो सुरू झाली. ती थंडगार व स्वच्छ आहे. पण बंद कांचेंतून शहर चित्रासारखें दिसतें, आणि चित्रास खांकरावें लागत नाहीं. आमचा कल जुन्या गाडीकडेच आहे. दुपारीं गर्दी कमी असतांना डॉकयार्ड रोडपर्यंत जावें, तेथें उतरावें, आणि परतीच्या गाडींत दुसऱ्या बाजूची खिडकी धरावी. आम्हीं तसें केलें. सँडहर्स्ट रोड सोडतांना एका सज्जांतील बाईनें आमच्याकडे पाहिलें आणि शांतपणें खिडकीचें दार लोटून घेतलें.