उद्याच्या गल्ल्यावरची उचल

अमेरिकेत ‘मर्चंट कॅश ॲडव्हान्स’ १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा व्यवहार तसा सरळ होता. दुकानदाराकडे तारण नाही, बँक दारात उभं करत नाही, पण गिऱ्हाइकं कार्डाने पैसे देतात. मग आज रोकड घ्यायची आणि ठरलेली रक्कम फिटेपर्यंत कार्डावरच्या विक्रीतला ठरावीक टक्का कंपनीने परस्पर कापायचा. विक्री घटली की कपातही घटे. त्यामुळे हे कर्ज नव्हे, पुढच्या विक्रीची खरेदी आहे, असं म्हणायला जागा होती. तसं म्हणणं सोयीचंही होतं. न्यूयॉर्कमध्ये वर्षाला २५ टक्क्यांवर व्याज आकारणं फौजदारी गुन्हा आहे. खरेदीला व्याजाची मर्यादा लागत नाही.

पुढे टक्का गेला आणि बँक खात्यातून रोज कापली जाणारी ठरीव रक्कम आली. समजा, ५०,००० डॉलर घेतले, ७०,००० फेडायचे आणि रोज ७०० कापायचे. कामाच्या १०० दिवसांत हिशेब पुरा, म्हणजे वर्षाच्या मापाने व्याज शंभर टक्क्यांच्या वर. दुकान ओस पडलं तरी ७०० जाणारच. जोडीला ‘कन्फेशन ऑफ जजमेंट’ नावाच्या, जुन्या इंग्रजी कायद्यातून आलेल्या कागदावर आधीच सही घेत. ती असली की सुनावणीविना हुकूमनामा मिळे आणि खातं गोठे. कोऱ्या कागदावर अंगठा घेणाऱ्या सावकाराने याहून वेगळं काय केलं? परराज्यातल्या ऋणकोंविरुद्ध हा कागद वापरायला न्यूयॉर्कने बंदी घातली ती २०१९ मध्ये.

माझ्या मते अडकलेल्या व्यावसायिकाचा सर्वांत भक्कम बचाव या जन्मकथेतच आहे. कपात विक्रीबरोबर हलते, या एकाच अटीवर खरेदीचा दावा उभा आहे. म्हणून न्यूयॉर्कची न्यायालयं तीन गोष्टी तपासतात: विक्री घटल्यावर हप्ता खरोखर कमी करून मिळतो का, फेडीला मुदत बांधलेली आहे का, आणि दिवाळं निघालं तरी वसुली चालू राहते का. उत्तरं कंपनीच्या विरुद्ध गेली तर तो व्यवहार कर्ज ठरतो. आणि व्याज २५ टक्क्यांच्या वर असेल तर असं कर्ज मुळातच रद्दबातल, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. कंपन्या म्हणतात, जोखीम आम्ही घेतो, धंदा बुडाला तर आमचे पैसेही बुडतात. जिथे हे खरं आहे तिथे न्यायालयांनी त्यांची बाजू उचलून धरलीही आहे, आणि ते रास्तच आहे. पण हप्ता कमी करायचं कलम छापायचं आणि अर्ज आला की दाद द्यायची नाही, यात जोखीम कसली? जाणत्या माणसाने राजीखुशीने सही केली, हा युक्तिवादही तोकडा पडतो. फौजदारी गुन्ह्याला दुसऱ्याची संमती पांघरता येत नाही.

दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणात २०२० पासून छोट्या धंद्यांसाठी स्वस्त, सुटसुटीत वाट आहे. पण मालकाने वैयक्तिक हमी दिली असेल तर धंदा वाचूनही त्याचं घर धोक्यात राहू शकतं. म्हणून आधी बँकेचे उतारे जोडून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. जानेवारी २०२५ मध्ये यलोस्टोन कॅपिटलविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने तडजोडीतून छोट्या व्यावसायिकांचं ५३ कोटी डॉलरहून अधिक देणं रद्द करून घेतलं. तिथेही आरोप हाच होता, की खरेदीच्या नावाखाली बेकायदा व्याजाचं कर्ज दिलं.