भारतीय फुटबॉलचे 'सुवर्णयुग' आणि पिढ्यांच्या तुलनेचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

दोन वेगवेगळ्या काळांतील खेळाडूंपैकी श्रेष्ठ कोण, हा क्रीडारसिकांचा आवडता आणि न संपणारा वाद आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेलाही तो सोडविता आलेला नाही. फिफाने विसाव्या शतकातील सर्वोत्तम खेळाडू निवडण्यासाठी २००० साली इंटरनेटवर मतदान घेतले, तेव्हा मॅराडोनाला ५३.६ टक्के आणि पेलेला अवघी १८.५३ टक्के मते मिळाली. पेलेचा बहराचा काळ ज्यांनी पाहिलाच नव्हता, अशा तरुणांचा मतदारांत भरणा असल्याची टीका झाली. मग फिफाने जाणकारांच्या कौलाचा आधार घेऊन पेलेलाही गौरविले आणि सन्मान दोघांत विभागला गेला. एका अर्थाने हा निवाडा टाळण्याचाच प्रकार होता.

भारतात या वादाचे स्वरूप निराळे आहे. येथे १९५१ ते १९६२ हा काळ 'सुवर्णयुग' म्हणून ओळखला जातो. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम, नेव्हिल डिसूझा, जर्नेलसिंग ही त्या काळाची नावे होत. दुसऱ्या बाजूस सुनील छेत्री उभा आहे. एप्रिल २०२४ मध्ये प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावरील 'मैदान' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी ६ जून रोजी छेत्रीने कोलकात्यात कुवेतविरुद्धचा सामना खेळून निवृत्ती घेतली. त्यामुळे हा वाद पुन्हा ऐरणीवर आला. एक पक्ष पदके पुढे करतो, दुसरा पक्ष गोलसंख्या. हे दोन्ही पुरावे ज्या परिस्थितीत निर्माण झाले, त्या परिस्थितीची चिकित्सा प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

अनवाणी पायांची आख्यायिका

भारतीय फुटबॉलच्या इतिहासाचा आरंभ बहुधा २९ जुलै १९११ या दिवसापासून सांगितला जातो. या दिवशी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. संघातील सुधीर चटर्जी वगळता सर्व खेळाडू अनवाणी होते. बूट घातलेल्या गोऱ्या सैनिकांवर अनवाणी बंगाली तरुणांनी मिळविलेला हा विजय वंगभंगाच्या आंदोलनातून नुकत्याच गेलेल्या समाजाला केवळ खेळातील विजय वाटला नाही, हे स्वाभाविकच होते. तेव्हापासून अनवाणी खेळ हे भारतीय फुटबॉलच्या अस्मितेचे चिन्ह बनले.

या चिन्हानेच पुढे इतिहासाचा विपर्यास केला. १९५० च्या विश्वचषकात अनवाणी खेळण्यास परवानगी नाकारल्यामुळे भारताने माघार घेतली, ही कथा आजही छातीठोकपणे सांगितली जाते. ती टिकून राहिली, कारण ती ऐकणाऱ्याला सुखावते. दोष परक्यांच्या माथी जातो आणि आपल्याकडे त्याग राहतो. वस्तुस्थिती अशी की, पात्रता फेरीतील ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाईन्स यांनी माघार घेतल्याने भारताला एकही सामना न खेळता प्रवेश मिळाला होता. भारताची गटवारी स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्यासमवेत झाली होती. संघनिवडीतील मतभेद आणि सरावास अपुरा वेळ ही कारणे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुढे केली. ब्राझीलपर्यंतचा दीर्घ सागरी प्रवास आणि विश्वचषकापेक्षा ऑलिम्पिकला अधिक महत्त्व देण्याची तत्कालीन वृत्ती यांचाही त्यात वाटा होता. त्या काळचे आघाडीचे बचावपटू शैलेन मन्ना यांनी बुटांचा प्रश्न हे खरे कारण नसल्याचे पुढे स्पष्टपणे सांगितले होते.

अनवाणी खेळाची खरी किंमत मैदानावर मोजावी लागली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये डॉ. तालिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखालील संघ फ्रान्सकडून १-२ असा निसटता हरला. त्या सामन्यात भारताने दोन पेनल्टी वाया घालविल्या, ही बाब अनवाणी खेळाच्या कौतुकात सहसा विसरली जाते. चार वर्षांनी हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढविले. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांचा. या पराभवानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे ज्याला सुवर्णयुग म्हटले जाते, त्याच्या आरंभीच्या दोन टोकांस १९५१ च्या नवी दिल्ली आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक आणि १९५२ चा १-१० असा पराभव, या दोन्ही घटना अवघ्या सव्वा वर्षाच्या अंतराने उभ्या आहेत. दिल्लीच्या अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या गोलने इराणला हरविणारा संघ आणि हेलसिंकीचा संघ यांत फार मोठा फरक नव्हता. फरक प्रतिस्पर्ध्यांत होता.

मेलबर्न, १९५६

सुवर्णयुगाच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे मेलबर्न ऑलिम्पिकमधील चौथा क्रमांक. त्याची छाननी थोडी विस्ताराने करणे आवश्यक आहे.

या स्पर्धेत प्रत्यक्षात अकराच संघ उतरले. हंगेरीतील उठाव आणि सुएझचा पेचप्रसंग यांच्या छायेत अनेक देशांनी अंग काढून घेतले. भारताची पहिली लढत हंगेरीशी होती. हंगेरीचा संघ आलाच नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. हा तोच देश, ज्याच्या संघाने १९५२ चे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले होते. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यांतील तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला, परंतु ती आघाडी फार वेळ टिकली नाही आणि सामना १-४ असा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असा विजय मिळविला.

हिशेब मांडला तर तीन सामने, एक विजय आणि दोन पराभव. एवढ्या भांडवलावर 'जगात चौथा' असे म्हणणे हे कागदोपत्री खरे असले, तरी इतिहास म्हणून अपुरे आहे. शिवाय ऑलिम्पिक ही हौशी खेळाडूंची स्पर्धा होती. पश्चिम युरोप व दक्षिण अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडू तेथे अपात्र होते, तर पूर्व युरोपीय देश सरकारी आश्रयाखालील आपले सर्वोत्तम खेळाडू 'हौशी' म्हणून उतरवू शकत होते.

मात्र येथेच थांबणे अन्यायाचे होईल. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणाऱ्या युगोस्लाव्हियाला या वेळी चारच गोल करता आले आणि त्याआधी पिछाडीस जावे लागले. ही सुधारणा योगायोगाची नव्हती. हैदराबाद सिटी पोलीस संघाला १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक मिळवून देणाऱ्या रहीम यांनी राष्ट्रीय संघाला शिस्तबद्ध पासिंगची सवय लावली होती. तसेच नेव्हिल यांनी दोन सामन्यांत केलेले चार गोल त्या स्पर्धेतील संयुक्त सर्वाधिक होते. त्यांच्या बरोबरीस युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच व बल्गेरियाचे मिलानोव होते. गैरहजर संघांमुळे भारताचा क्रमांक वाढला असेल. नेव्हिल यांचे गोल वाढले नाहीत.

जकार्ता आणि त्यानंतर

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक चुनी गोस्वामींच्या नेतृत्वाखाली मिळाले. साखळीत ज्या दक्षिण कोरियाने ०-२ असे हरविले होते, त्याच संघावर अंतिम सामन्यात २-१ अशी मात करण्यात आली. पी. के. बॅनर्जी आणि डोक्याला टाके पडलेले असूनही आघाडीला खेळविण्यात आलेले मूळचे बचावपटू जर्नेलसिंग यांनी गोल केले. प्रेक्षक विरोधात होते आणि प्रशिक्षक रहीम कर्करोगाने आजारी होते. जून १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. या यशाचे मोल कमी करण्याचे कारण नाही. तरीही त्या स्पर्धेत आठच संघ होते, इराण व इस्रायल नव्हते, हे नोंदविले पाहिजे. भारताने साखळीत २-० असे हरविलेल्या जपानने सहा वर्षांनी मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळविले. भारत १९७० मध्ये बँकॉकला आशियाई कांस्यपदकापर्यंत पोहोचला आणि नंतर मागे पडत गेला. शेजारी पुढे गेले, हे या घसरणीचे अधिक अचूक वर्णन ठरेल.

आकड्यांचा प्रश्न

निवृत्तीच्या दिवशी छेत्रीच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते. त्या वेळी रोनाल्डो, अली दाई आणि मेस्सी हे तिघेच त्याच्या पुढे होते. समर्थक हा आकडा निर्णायक मानतात. परंतु आकडा नेमका कशाचा, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे. दक्षिण आशियाई देशांची नियमित स्पर्धा १९९३ पासून सुरू झाली. नेपाळ, मालदीव, बांगलादेश यांच्याशी वारंवार होणाऱ्या लढती बॅनर्जी किंवा बलराम यांच्या वाट्याला आल्याच नाहीत. त्यांच्या काळी वर्षानुवर्षे मोजकेच अधिकृत सामने होत आणि दौऱ्यावरील परदेशी संघांशी होणाऱ्या अनेक लढती आजच्या निकषांनुसार गणल्या जात नाहीत. म्हणूनच पी. के. बॅनर्जी यांच्या गोलांची संख्या निरनिराळ्या याद्यांत निरनिराळी आढळते. जिथे मूळ संख्याच वादग्रस्त आहे, तिथे सरासरी काढून श्रेष्ठत्व ठरविणे धाडसाचे आहे.

खेळाची परिस्थितीही बदलली. विश्वचषकात बदली खेळाडूंची मुभा आणि पिवळी-लाल कार्डे १९७० पासून आली. त्यापूर्वी जखमी खेळाडूला लंगडत खेळावे लागे, नाही तर संघाला दहा जणांवर भागवावे लागे. पाणी शोषून जड होणारा चामड्याचा चेंडू, पावसाळ्यातील चिखल आणि नोकरी सांभाळून केलेला सराव, हे पन्नाशीच्या दशकाचे वास्तव होते. बॅनर्जी पूर्व रेल्वेत नोकरीला होते आणि त्याच संघाकडून खेळत राहिले. कोलकात्याच्या तीन बड्या संघांपैकी एकाकडूनही ते खेळले नाहीत. गोस्वामी तर बंगालकडून रणजी क्रिकेटही खेळले आणि १९७१-७२ च्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात बंगालचे कर्णधार होते. आजच्या व्यावसायिक खेळाडूला हे जमणार नाही, तसेच त्या पिढीला आजचा आहार, वैद्यकीय साहाय्य व करार मिळाले नव्हते.

छेत्रीच्या बाजूनेही तितकेच सबळ मुद्दे आहेत. बॅनर्जींच्या एका बाजूस गोस्वामी आणि दुसऱ्या बाजूस बलराम होते. छेत्रीला, बायचुंग भुतियाचा काळ सरल्यानंतर, असा जोडीदार लाभला नाही. निवृत्तीनंतर वर्षही पूर्ण होण्याआधी, मार्च २०२५ मध्ये, चाळिशीतील छेत्रीला संघात परत बोलवावे लागले आणि त्याने मालदीवविरुद्ध ९५ वा गोल केला. ही घटना त्याच्या थोरवीची साक्ष देते आणि व्यवस्थेच्या दारिद्र्याचीही. तौलनिक अभ्यासात म्हणूनच खेळाडूचे त्याच्या समकालीनांतील स्थान पाहणे हा त्यातल्या त्यात विश्वसनीय मार्ग होय. त्या निकषावर १९५६ चे नेव्हिल आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हंगेरी व पेरू या दोघांविरुद्ध गोल करणारे बलराम यांचे पारडे जागतिक संदर्भात जड ठरते, तर सातत्याच्या बाबतीत छेत्रीच्या जवळपास कोणी पोहोचत नाही.

मुंबई-गोव्याची स्मृती

या वादात कोलकात्याचा आवाज मोठा आहे, कारण तेथे आठवणी जपणारे क्लब आहेत. मुंबईची गोष्ट वेगळी. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर बंद पडला. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा बलाढ्य संघ २०१० मध्ये विसर्जित झाला. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर रिकाम्या खुर्च्या पाहून छेत्रीला प्रेक्षकांना चित्रफितीद्वारे आर्जव करावे लागले. केनियाविरुद्धच्या पुढच्याच सामन्याची, म्हणजे त्याच्या शंभराव्या सामन्याची, सर्व तिकिटे संपली. आर्जव केल्यावर येणारा हा प्रेक्षक कूपरेजवर रोव्हर्सचे सामने पाहणाऱ्या पिढीचा वारस होता, पण त्या पिढीची नावे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

नेव्हिल डिसूझा हे त्यांपैकीच एक नाव. त्यांचा जन्म गोव्यातील आसगावचा. मेलबर्नला त्यांनी भारतासाठी हॅट्ट्रिक केली, तेव्हा त्यांची जन्मभूमी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. ती मुक्त व्हायला आणखी पाच वर्षे लागली. ते मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्स या संघांकडून खेळले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. बॅनर्जींना १९६१ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, छेत्रीला २०२१ साली खेलरत्न. नेव्हिल यांची ती हॅट्ट्रिक मात्र प्रश्नमंजूषेपुरती उरली आहे. १९६० नंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिम्पिकला पात्र ठरलेला नसल्याने तिच्याशी बरोबरी करण्याची संधी छेत्रीसह पुढच्या कोणत्याही भारतीय खेळाडूला मिळालेली नाही.