पुजोल्सला जाऊ दिलं, ते बरोबर होतं का?

आजचा भाग बेसबॉलवर आहे, पण खेळाचे नियम माहीत नसले तरी चालेल. प्रश्न साधा आहे. आपल्या टीमचा सगळ्यात लाडका खेळाडू तिशी ओलांडून गेलाय, करार संपलाय, आणि दुसरी टीम त्याला दहा वर्षांचे पैसे द्यायला तयार आहे. आपण काय करायचं?

ऑक्टोबर 2011. सेंट लुईस कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. तिसऱ्या मॅचमध्ये अल्बर्ट पुजोल्सने एकट्याने तीन होम रन मारले होते. अकरा सीझन, 445 होम रन, तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि सगळं याच टीमसाठी. डिसेंबरमध्ये तो एंजल्सकडे गेला. दहा वर्षं, 24 कोटी डॉलर. वय 31, महिन्याभरात 32 लागणार होतं. सेंट लुईसमध्ये लोक चिडले, साहजिकच आहे.

पण हे 24 कोटी नेमके कशाचे? त्यासाठी थोडं मागे जाऊ. पूर्वी अमेरिकन बेसबॉलमध्ये करार संपला तरी खेळाडूवर टीमचाच हक्क राहायचा. 1969 मध्ये याच कार्डिनल्सने कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. गडी गेलाच नाही, कोर्टात गेला, आणि 1972 मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. शेवटी डिसेंबर 1975 मध्ये पीटर साइट्झ नावाच्या लवादाने दोन पिचर्सना मोकळं केलं. मग मालक आणि युनियनचं ठरलं: मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा.

सहा वर्षं! म्हणजे बहुतेकांची ऐन उमेदीची वर्षं टीमला स्वस्तात मिळतात, आणि मोठा पैसा येतो तेव्हा उतार लागलेला असतो. पुजोल्सने 2001 मध्ये, पहिल्याच सीझनला, 37 होम रन मारले. पगार दोन लाख डॉलर, लीगचा किमान. 2004 मध्ये कार्डिनल्सने त्याच्याशी सात वर्षांचा दहा कोटींचा करार केला, तोही त्याच्या खेळाच्या मानाने स्वस्तच पडला. म्हणजे एंजल्सने बिल भरलं ते बरंचसं सेंट लुईसच्या जेवणाचं. आपल्या आयटीत स्विच मारल्याशिवाय पगार वाढत नाही ना, तसंच. फक्त इथे स्विच मारेपर्यंत गुडघे कुरकुरायला लागलेले असतात.

पुढचं पटकन सांगतो. कार्डिनल्ससाठी तो हजार वेळा बॅटिंग केली तर 328 हिट मारायचा, एंजल्ससाठी 256. 2013 चा सीझन तळपायाच्या दुखण्याने अर्ध्यावर सुटला. त्याच्या काळात एंजल्स प्लेऑफला गेले फक्त एकदा, 2014 मध्ये, आणि तिन्ही मॅच हरले. मे 2021 मध्ये त्यांनी त्याला काढलं, पण त्या वर्षीचे तीन कोटी द्यावेच लागले. बेसबॉलचा करार असाच असतो.

आणि कार्डिनल्स? पुजोल्स गेल्याची भरपाई म्हणून त्यांना ड्राफ्टमध्ये एंजल्सची जागा मिळाली. त्यातून त्यांनी मायकल वाका हा पिचर घेतला. 2013 मध्ये टीमला वर्ल्ड सिरीजपर्यंत नेणाऱ्या मालिकेचा तोच सर्वोत्तम खेळाडू!

उलटं उदाहरण फिलीजचं. रायन हॉवर्डच्या आधीच्या कराराला अजून जवळपास दोन सीझन बाकी होते, तरी एप्रिल 2010 मध्ये त्यांनी पुढच्या पाच वर्षांचे साडेबारा कोटी कबूल केले. ऑक्टोबर 2011 मध्ये, कार्डिनल्सविरुद्धच्याच मालिकेत, शेवटचा आउट होताना पळता पळता हॉवर्डची टाचेची शीर तुटली. नवा करार सुरूही झाला नव्हता.

त्यामुळे माझं मत असं, की 2011 मध्ये कार्डिनल्स बरोबर होते. पुजोल्सही बरोबर होता, अडकले ते एंजल्स.

मग 2022 मध्ये 42 वर्षांचा पुजोल्स परत आला. एक वर्ष, 25 लाख डॉलर. डोकं सांगतं हा भावनेचा मामला. जुलैच्या ब्रेकपर्यंत सहा होम रन, म्हणजे डोकं बरोबरच वाटत होतं. त्यानंतर अठरा मारले! 23 सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये 700 वा, त्याच्याआधी तिथे पोचलेले फक्त बॉन्ड्स, अ‍ॅरन आणि रूथ. दुसऱ्या टीमचं मैदान, तरी अख्खं स्टेडियम उभं. हा पुरावा म्हणून वापरू नका, असं दरवेळी होत नाही. पण एका वर्षाची पैज हरलात तरी एकच वर्ष जातं.

त्या ऑक्टोबरमध्ये फिलीजनी कार्डिनल्सला दोन मॅचमध्येच घरी बसवलं. शेवटच्या बॅटिंगला पुजोल्सने हिट मारला, पहिल्या बेसवर पोचला, आणि त्याच्या जागी पळायला एका तरुण पोराला पाठवलं.