खाजणाचा बांध कोणाचा?

समुद्राच्या शेजारीं वसलेल्या गांवास पाणी अडविण्यासाठीं बांध घालावा लागतो. परंतु तो घातल्यावर वर्षानुवर्षें राखावयाचा कोणीं, हा प्रश्न त्याहून अवघड असतो. गोव्यांतील खाजणांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला गांवांनीं दिलेल्या उत्तराचा, आणि तें उत्तर पुढें कसें हरवलें याचा, इतिहास होय.

मांडवी व जुवारी या नद्यांच्या खालच्या टापूंत भरतीचें खारें पाणी फार आंतवर शिरतें. तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील लोकांनीं बांध घालून तेथील दलदलींतून भातशेती उभी केली. हींच खाजणें, त्यांचें क्षेत्र सुमारें १८,००० हेक्टर भरतें. जमीन भरतीच्या पातळीहून सखल, आणि तिला वांचविणारा तेवढा एक चिखलमातीचा व जांभ्या दगडांचा बांध. बांधांत ठिकठिकाणीं ‘मानस’ म्हणजे लांकडी झडपांची मोरी बसविलेली असते. ओहोटीस आंतल्या पाण्याच्या दाबानें झडप उघडते. भरती येऊं लागली कीं बाहेरच्या दाबानें ती आपोआप मिटते.

या रचनेइतकीच तिच्यामागील व्यवस्था महत्त्वाची होती. जमीन गांवकारीची, म्हणजे गांव वसविणाऱ्या मूळ घराण्यांच्या संस्थेची, सामाईक मालमत्ता असे. शेतें ठराविक मुदतीनें लिलांवांत कसावयास दिलीं जात. आलेल्या उत्पन्नांतून सरकारचा सारा, बांधांची डागडुजी आणि गांवाचा इतर खर्च भागवून उरेल तें गांवकारांत वांटलें जाई. बांध फुटला तर वांटणीच बुडे. म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणें कोणासही परवडत नसे.

१५२६ सालीं पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया यानें तिसवाडीच्या गांवकारांच्या चालीरीती लेखनिविष्ट केल्या. पुढें गांवकारीस ‘कोमुनिदाद’ हें नांव पडलें, तिच्यावर सरकारची देखरेख वाढली. तरी बांधाचा भार तिच्याच शिरावर राहिला. ही व्यवस्था निर्दोष मात्र नव्हती. चिखलांत राबणाऱ्यास मालकी नसे, आणि गांवकाराचा मुलगा जन्मानेंच वांटेकरी होई.

डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त झाला. १९६४ च्या कूळकायद्यानें कुळांस संरक्षण मिळालें व १९७६ च्या दुरुस्तीनें मालकीचा मार्ग खुला झाला. हा न्याय उशिराच झाला होता. परंतु कोमुनिदादीचें उत्पन्न आटलें आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली, तेव्हां जुनी सांगड तुटली. पुष्कळांचें पोट आतां शेतीवर अवलंबून राहिलें नाहीं. भातापेक्षां मानशीवरची मासळी अधिक पैसा देऊं लागली. मासळीसाठीं खारें पाणी आंत घेण्याचा मोह अनेक ठिकाणीं आवरला नाहीं. कित्येक बांध खचले, आणि भाताच्या शेतांत कांदळवन वाढूं लागलें.

अशा वेळीं समुद्रच वर चढत आहे. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्रांची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटरांनीं वाढली, असा संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रज्ञमंडळाचा २०२१ सालचा निर्वाळा आहे. वाढीचा वेगही वाढता आहे. ज्या शेताचें जीवित भरती आणि बांध यांच्या उंचींतील थोड्याशा फरकावर अवलंबून, त्यास ही वाढ लहान नव्हे.

केंद्र सरकारच्या २०११ च्या किनारा-नियमन अधिसूचनेनें खाजणांचे नकाशे तयार करावे, त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा करावा आणि तेथें बांधकामें होऊं देऊं नयेत, असें सांगितलें. नकाशा व आराखडा हवेतच. पण ग्रामपंचायत, कोमुनिदाद, कुळांचा संघ आणि सरकारचें कृषिखातें यांपैकीं उधाणाच्या रात्रीं भगदाड बुजविण्यास कोणीं धांवावयाचें आणि तो खर्च कोणाच्या तिजोरींतून व्हावयाचा, हें त्या आराखड्यांत स्पष्ट लिहिलेलें असलें पाहिजे. जुन्या गांवकारीनें तेवढें तरी निश्चित ठरविलें होतें.